भारतावर राज्य करणाऱ्या इंग्रज मंत्र्याचा पगार भारतच भरायचा. दादाभाईंनी त्याचा हिशोब मागितला

साल १८६७. तुर्कस्तानचे सुलतान लंडनला आले होते. त्यांच्या स्वागतासाठी इंडिया ऑफिसमध्ये जंगी मेजवानी झाली. पाहुणे तुर्की, यजमान इंग्रज आणि बिल? ते फाडलं गेलं भारताच्या नावावर.

त्याच वर्षी, त्याच लंडनमध्ये एका पारशी गृहस्थांनी निबंध वाचला. विषय होता इंग्लंड भारताचं किती देणं लागतं. ते होते दादाभाई नौरोजी.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणेकबाईंनी त्यांना वाढवलं. मुंबईत फुकट शिक्षण मिळालं म्हणून ते शिकू शकले आणि पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. आपण लोकांच्या पैशातून शिकलो, ते ऋण फेडायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. १८५५ मध्ये ते कामा कंपनीच्या व्यापारासाठी लंडनला गेले.

१८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपलं आणि लंडनमध्ये भारतमंत्री हे पद आलं. पगार वर्षाला ५ हजार पौंड. हा पगार, मंत्र्याचं ऑफिस, तिथले कारकून, सगळा खर्च भारताच्या महसुलातून, म्हणजे शेतसारा आणि मिठावरच्या करासारख्या पैशातून व्हायचा.

यात खरी मेख वेगळीच होती. बाकीच्या मंत्र्यांचे पगार ब्रिटिश पार्लमेंट दरवर्षी मंजूर करायचं. मंत्र्यावर राग असला की खासदार त्याच्या पगारात कपात सुचवून जाब विचारायचे. भारतमंत्र्याच्या बाबतीत तशी सोयच नव्हती, कारण पैसे ब्रिटनचे नव्हते. आणि ज्यांचे होते त्या भारतीयांना तिथं मत नव्हतं.

शिवाय निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शन, रजेचा पगार, कर्जावरचं व्याज असा सगळा खर्च लंडनमध्ये व्हायचा. त्याला म्हणायचे होम चार्जेस. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा आकडा वर्षाला दीड कोटी पौंडांच्या वर गेला होता.

दादाभाईंनी १८६७ ते १८७० या काळातलं भारतीय माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न काढलं. ते भरलं २० रुपये. व्हॉइसरॉयचा पगार होता वर्षाला सुमारे अडीच लाख. म्हणजे साडेबारा हजार माणसांची वर्षभराची कमाई एका माणसाला!

त्यांचा मुद्दा साधा होता. अधिकारी इथलाच असेल तर पगार इथल्याच बाजारात फिरतो. गोऱ्या साहेबाची बचत आणि पेन्शन मात्र कायमची देशाबाहेर जाते. म्हणून वरच्या जागांवर भारतीय नेमा आणि ब्रिटननेही आपला वाटा उचलावा, ही त्यांची मागणी. हाच तो संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत.

१८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून अगदी मोजक्या मतांनी निवडून आले आणि थेट पार्लमेंटमध्ये पोहोचले. तिथं त्यांनी भारताच्या खर्चाची चौकशी लावून धरली. १८९५ मध्ये वेल्बी कमिशन नेमलं गेलं, त्यात दादाभाईही सदस्य होते. याच कमिशनसमोर १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा यांनी साक्ष दिली. कमिशनमधल्या बहुमताचं म्हणणं दादाभाईंना पटलं नाही. त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत वेगळा अहवाल दिला.

१९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ऐंशी पार केलेल्या दादाभाईंनी अध्यक्षपदावरून स्वराज्याची मागणी केली. पन्नास वर्षं हिशोब मांडून त्यांना कळलं होतं की तिजोरीची किल्ली हातात आल्याशिवाय खर्च थांबणार नाही.

३० जून १९१७ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. दोनच वर्षांनी १९१९ चा कायदा आला आणि भारतमंत्र्याचा पगार ब्रिटनच्या तिजोरीवर गेला. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनचं ओझं मात्र भारताच्याच डोक्यावर राहिलं.