टायटॅनिकचा तारमास्तर

'टायटॅनिक' म्हटले की लोकांना ती अजस्र बोट आठवते. मला मात्र तिचा तारमास्तर जॅक फिलिप्स आठवतो. इंग्लंडमधील फार्नकोम गावी ११ एप्रिल १८८७ रोजी तो जन्मला. गॉडल्मिंगच्या टपाल कचेरीत तारकाम शिकून १९०६ साली तो मार्कोनी कंपनीच्या बिनतारी खात्यात शिरला.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री प्रवाशांच्या खाजगी तारांचा ढीग तो उपसत होता. बर्फामुळे थांबलेल्या 'कॅलिफोर्नियन' बोटीने सूचना दिली. कामात व्यत्यय नको म्हणून त्याने तिला गप्प केले. तासाभरातच, ११.४० ला, टायटॅनिक हिमनगावर आदळली.

पुढे कप्तानाने मोकळे केल्यावरही फिलिप्स यंत्रापुढून उठला नाही. त्याची हाक ऐकून 'कार्पेथिया' धावली आणि पहाटे ४ च्या सुमारास पोहोचली. ७०० हून अधिक जीव वाचले. १५०० च्या आसपास बुडाले. काहीच दिवसांपूर्वी पंचविशी पुरी केलेला फिलिप्स बुडालेल्यांत होता.

कोणी त्याला दोष देतात, कोणी नुसते गोडवे गातात. मला वाटते, ज्या हाताने सूचना तोडली, त्याच हाताने अखेरपर्यंत हाका दिल्या. माणूस तोलायचा तर दोन्ही पारड्यांत तोलावा.