चित्रकार ना. श्री. बेंद्रे

नारायण श्रीधर बेंद्रे हे आपल्या इंदूरचे. जन्म १९१० चा. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली ते चित्रकला शिकले. निसर्गचित्रांनी त्यांना नाव मिळवून दिले. तेवढ्यावर आयुष्य सुखात गेले असते. पण १९४७-४८ मध्ये अमेरिका-युरोपात त्यांनी आधुनिक चित्रे डोळ्यांनी पाहिली आणि बसलेला हात मोडून क्युबिझम, अमूर्त असे सारे करून पाहिले. १९५५ चे ‘काटा’ त्यातलेच. १९५० पासून बडोद्यात शिकवताना मात्र स्वतःची आवड त्यांनी कुणावर लादली नाही. ज्योती भट्ट आणि गुलाममोहम्मद शेख यांची चित्रे शेजारी ठेवा, गुरू एकच असे वाटणारही नाही! पुढे ते ठिपक्याठिपक्यांनी रंगवू लागले. १९९२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.