आकाशवाटांचे शोधक : डॉ. सालिम अली

थंडी पडू लागली की आपल्या बीदर-कलबुर्गीकडील तुरीच्या व ज्वारीच्या रानांवरून भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीलगत घिरट्या घालू लागतो. उन्हाळा लागताच तो दिसेनासा होतो. असे पाहुणे येतात कोठून आणि जातात कोठे, या प्रश्नाचा पद्धतशीर शोध ज्यांनी भारतात रुजविला, ते थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सालिम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन; भाच्याच्या हातीही छऱ्यांची बंदूक आली. एके दिवशी तिने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणत्या जातीची, हे विचारण्यास मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्डसाहेबांनी त्या मुलाला आपुलकीने पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली.

मार्ग मात्र खडतर होता. ब्रह्मदेशातील व्यवसायात जम बसला नाही. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते जर्मनीस गेले. तेथे हेल्गोलँड बेटावर पक्षी पकडून, पायात क्रमांकाचे कडे घालून त्यांना पुन्हा मोकळे सोडण्याचे काम त्यांनी पाहिले. मारलेला पक्षी आपली जात सांगतो. सोडलेला पक्षी आपली वाट सांगतो, हे तेथे त्यांच्या मनावर ठसले. १९३० मध्ये ते परतले, तो त्यांची नोकरीच संपुष्टात आली होती. तरीही खचून न जाता ते पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळील किहीमला राहिले आणि सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचे चिकाटीने निरीक्षण करीत राहिले. त्या अभ्यासाने त्यांचे नाव झाले.

१९३१ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी त्यांनी हाती घेतली. बीदर व गुलबर्गा हे जिल्हे त्या वेळी त्याच संस्थानात होते. वेतन नाही, केवळ खर्चापुरते पैसे, अशा अटीवर त्यांनी ते काम केले. तंबूतील त्या कष्टाच्या जीवनात तहमिनाबाईंनी त्यांना मनःपूर्वक साथ दिली. १९३९ मध्ये त्या निवर्तल्या. हा आघात सोसूनही त्यांचे कार्य थांबले नाही. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक निघाले.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडांना व माणसांना एक नवा ताप आला. तो दूरदेशीच्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांबरोबर आला असावा काय, अशी शंका निघाली. या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि सालिम अलींच्या नेतृत्वाखाली भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. प्रत्येक कड्यावर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीस कळविण्याची सूचना असे. मात्र तो पक्षी पुन्हा कोणाच्या हाती लागला तरच त्याचा प्रवास कळे. बहुतेक कड्यांचे पुढे काहीच कळत नसे.

२० जून १९८७ रोजी डॉ. सालिम अली निधन पावले. त्यांच्या पश्चात ही उणीव बिनतारी यंत्राने बरीच भरून काढली. पक्ष्याच्या पाठीवर दप्तरासारखे बांधलेले हे चिमुकले यंत्र उपग्रहाला संदेश पाठविते. २०१३ मध्ये नागालँडात तीन अमूर ससाण्यांवर अशी यंत्रे बसविण्यात आली. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचे हे पक्षी भारत व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचतात, हे त्यावरून स्पष्ट झाले. २०२४ मध्ये पेंच व ताडोबा येथे सोडलेल्या गिधाडांवरही सोसायटीने अशीच यंत्रे बसविली.

विद्यार्थी मित्रहो, यंत्र नवे असले तरी त्यामागील जिज्ञासा पिवळ्या गळ्याच्या चिमणीपाशी थबकलेल्या त्या मुलाचीच आहे. रानात पायात कडे असलेला एखादा पक्षी आढळला, तर त्यावरील क्रमांक लिहून सोसायटीस अवश्य कळवा. त्या थोर पुरुषाचे हेच खरे स्मरण होय.