कोशकार मोल्सवर्थ

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलांना आपली नाराजी सांगण्याची वेळ आली म्हणजे बहुधा एकच शब्द आठवतो, तो म्हणजे ‘हेट’. भाजी नको असली तरी ‘हेट’, भूमितीचा कंटाळा आला तरी ‘हेट’, आणि सोबत्याची एखादी कृती पटली नाही तरीही ‘हेट’च. हा शब्द खरोखर द्वेषाचा आहे, हे त्यांच्या ध्यानात नसते. घरी मराठी बोलताना मात्र हीच मुले असा घोटाळा करीत नाहीत. कारले त्यांना नावडते असते, रोज तेच ताटात पडले तर त्याचा वीट येतो, नासलेल्या पदार्थाची किळस येते आणि लबाडीचा तिटकारा येतो. भेद ओळखण्याची शक्ती आपल्या भाषेने आपणांस दिलेलीच आहे. त्या भेदांपुढे नेमके इंग्रजी शब्द मांडण्यासाठी ज्या गृहस्थाने आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्या जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे.

मोल्सवर्थसाहेबांचा जन्म इ. स. १७९५ मध्ये झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे १८१२ साली, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात लहान हुद्द्यावर हिंदुस्थानात आले. येथे येताच त्यांनी मराठी व हिंदुस्थानी भाषांचा अभ्यास आरंभिला. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि महाराष्ट्राचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. रयतेची गाऱ्हाणी ऐकावयाची तर रयतेची भाषा समजली पाहिजे. विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० सालीच श्रीरामपूर येथे छापला गेला होता. परंतु एवढ्या विस्तृत भाषेला तो पुरा पडण्यासारखा नव्हता. ही उणीव भरून काढण्याचे काम या तरुण अधिकाऱ्याने अंगावर घेतले. जॉर्ज व टॉमस कँडी हे जुळे बंधू त्यांचे सहकारी झाले. सरकारनेही पुढे या कार्यास आश्रय दिला.

हे कार्य एकट्या साहेबांचे मात्र नव्हे. जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या विद्वान शास्त्रीमंडळींचे साहाय्य त्यात होते. या शास्त्र्यांनी रचलेला मराठीचा मराठी कोश १८२९ साली निघाला, आणि १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईस प्रसिद्ध झाला.

या कोशाचा विशेष असा की, केवळ पोथ्यांतील शब्दांवर तो थांबला नाही. शेतकरी, कारागीर, घरातील बायाबापड्या यांच्या तोंडचे शब्दही त्यात आले. कोकणातील बोलीही वगळली नाही. उत्तन, डोंगरी, भाईंदर या आपल्या गावांतील मुलांनी घरची बोली बोलताना लाजू नये, ते याच कारणास्तव. आणि लोकांचे बोलणे टिपावयाचे म्हटल्यावर त्यांचा राग, त्यांचे हिणवणे, त्यांची नापसंती हीही आलीच. ‘छी’, ‘शी’ यांसारख्या उद्गारांनाही या कोशात जागा मिळाली. अमुक शब्द तुच्छतेचा आहे, अमुक शिवीदाखल वापरतात, असा इशारा अर्थासोबत दिलेला असल्यामुळे परक्या वाचकाला शब्दाबरोबर त्याची धारही कळते.

आता या शब्दांची इंग्रजी भावंडे पाहा. साध्या नावडीला ‘डिसलाइक’ पुरे. किळस म्हणजे ‘डिस्गस्ट’. या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ चव असा आहे, म्हणजे तोंडाची चव जाणे ही त्यातील मूळ कल्पना. तिटकाऱ्याला जवळचा शब्द ‘ॲव्हर्शन’. त्याच्या मुळाशी तोंड फिरविण्याचा अर्थ आहे. तिरस्कार म्हणजे ‘कंटेम्प्ट’, त्यात दुसऱ्यास आपल्याहून हलके लेखले जाते. द्वेष म्हणजे ‘हेट्रेड’, आणि द्वेष करणारा दुसऱ्याचे वाईट चिंतितो. नापसंतीचा ‘डिसअप्रोव्हल’ या सर्वांहून वेगळा. त्याच्या मुळाशी पारख करण्याची कल्पना आहे. तो कृतीचा न्याय करतो, माणसाचा धिक्कार करीत नाही. शिक्षक विद्यार्थ्याच्या खोडीस नापसंती दर्शवितो, म्हणून तो त्याचा द्वेष करतो असे होत नाही.

नापसंती कशी असावी, हे मोल्सवर्थसाहेबांनी स्वतःच्या आचरणानेही दाखविले. सैनिकाचा पेशा ख्रिस्ताच्या शिकवणीशी विसंगत आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. तेव्हा त्यांनी सैन्यातील नोकरी सोडली. इतकेच नव्हे, तर त्या नोकरीबद्दलचे निवृत्तिवेतनही नाकारले. जे कर्म आपणांस अयोग्य वाटते त्याचा पैसाही आपणांस नको, एवढा स्पष्ट त्याचा अर्थ होता. कठोर शब्दांचा एवढा साठा जवळ असता त्यांनी आपली नापसंती सिद्ध केली ती मात्र स्वतःचे नुकसान सोसून.

१८३६ साली ते स्वदेशी परतले. त्यांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनी पुरा करून १८४७ साली प्रसिद्ध केला. पुढे १८५१ साली मोल्सवर्थ पुन्हा हिंदुस्थानात आले आणि आपला मराठी-इंग्रजी कोश पहिल्यापासून तपासून वाढवू लागले. वयाची पन्नाशी उलटल्यावर, एकदा पुरे झालेले काम पुन्हा हाती घेणे सोपे नव्हे. सुमारे ६० हजार शब्दांची ही दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्याच वर्षी उत्तर हिंदुस्थानात तलवारी खणखणत होत्या. तलवार खाली ठेवलेला हा गृहस्थ मात्र दोन समाजांना एकमेकांचे बोलणे कळावे म्हणून झटत होता. या आवृत्तीस डॉ. जॉन विल्सन यांनी मराठी भाषेविषयी टिपणे जोडली. १८६३ साली बाबा पदमनजी यांनी या कोशाचा संक्षेप केला. मोल्सवर्थ १८७१ साली इंग्लंडात निवर्तले.

त्यांच्या कोशाचे पुनर्मुद्रण १९७५ साली पुण्यास झाले, आणि आज तो भ्रमणध्वनीवरही पाहता येतो. विद्यार्थिमित्रहो, यापुढे ‘हेट’ हा शब्द ओठांवर आला म्हणजे क्षणभर थांबा. आपणांस केवळ नावड आहे, वीट आला आहे, की एखादी कृती अयोग्य वाटते आहे, हे आधी मराठीत ठरवा. नेमका शब्द सापडला म्हणजे पुष्कळदा रागही नेमका होतो, आणि ज्याच्यावर आपण रागावलो त्याच्यावर अन्याय होत नाही. पालकांनीही घरात मुलांना रागे भरताना हाच नियम पाळला, तर शाळेचे निम्मे काम घरीच होईल.