‘टॉय स्टोरी’मधल्या वूडीला ज्याचं नाव मिळालं, तो वूडी स्ट्रोड नेमका होता कोण?

काउबॉयची टोपी, पिवळा चौकड्यांचा शर्ट आणि छातीवर शेरीफचा बिल्ला. ‘टॉय स्टोरी’तला वूडी माहिती नाही असं नव्वदीच्या दशकातलं पोरगं सापडणं अवघड आहे.

पण या बाहुल्याचं नाव एका खऱ्या माणसावरून ठेवलंय, हे फार कमी जणांना माहिती असतं.

त्या माणसाचं नाव वूडी स्ट्रोड. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, दगडात कोरल्यासारखं शरीर आणि कृष्णवर्णीय. हॉलिवूडच्या जुन्या वेस्टर्न सिनेमात तो सारखा दिसायचा. कधी हिरोचा नोकर, कधी साथीदार, कधी पहिल्या दहा मिनिटांत गोळी खाऊन पडणारा गुंड. हिरो मात्र बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी असायचा.

सुरुवात झाली ती मैदानावर

वूडीचा जन्म २५ जुलै १९१४ चा, लॉस एंजेलिसमधला. वुड्रो विल्सन तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते, म्हणून घरच्यांनी पोराचं नाव थेट वुड्रो विल्सन स्ट्रोड ठेवलं. आता योगायोग बघा, याच विल्सन यांच्या काळात केंद्र सरकारच्या ऑफिसांमध्ये काळ्या कर्मचाऱ्यांना गोऱ्यांपासून वेगळं बसवण्याची पद्धत वाढली.

पोरगा खेळात भारी निघाला. डेकॅथलॉन करायचा आणि अमेरिकन फुटबॉल खेळायचा. १९३९ साली यूसीएलए विद्यापीठाच्या टीममध्ये त्याच्यासोबत केनी वॉशिंग्टन आणि जॅकी रॉबिन्सन होते. त्या काळात एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या टीममध्ये एक कृष्णवर्णीय खेळाडू दिसला तरी लोक माना वळवून बघायचे. इथं तर एकापेक्षा जास्त जण होते आणि ती टीम त्या सीझनमध्ये एकही मॅच हरली नाही.

पण कॉलेज संपलं की पुढचा रस्ता बंद होता. एनएफएल म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक फुटबॉल लीग. १९३४ ते १९४५ या काळात तिथं एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळला नाही. बंदी कागदावर कुठंच नव्हती, पण सगळे मालक ती पाळत होते.

१९४६ साली रॅम्स नावाची टीम क्लीव्हलँडमधून लॉस एंजेलिसला आली. त्यांना तिथलं कोलिसियम स्टेडियम हवं होतं. तेव्हा शहरातल्या कृष्णवर्णीय पत्रकारांनी साधा मुद्दा मांडला. स्टेडियम जनतेच्या पैशातून बांधलंय, त्यात आमचाही टॅक्स आहे, मग टीममध्ये आमची पोरं का नकोत?

मुद्दा बिनतोड होता. रॅम्सने केनी वॉशिंग्टनला घेतलं आणि त्याच्या सोबतीला वूडीला. जॅकी रॉबिन्सनने बेसबॉलमधली भिंत पाडली ती १९४७ साली. म्हणजे त्याच्या एक वर्ष आधी हे दोघं मैदानात उतरले होते.

तेव्हा वूडीची तिशी उलटून गेली होती. त्याला खेळायची संधी फारशी मिळाली नाही आणि एका सीझननंतर टीमने त्याला काढून टाकलं. मग तो कॅनडाला गेला. १९४८ साली कॅलगरी स्टॅम्पीडर्सने ग्रे कप जिंकला तेव्हा तो त्या टीममध्ये होता. दुखापतीनंतर फुटबॉल सुटला आणि पोटासाठी तो कुस्तीच्या रिंगमध्ये उतरला.

फायटरला मिळाला सिनेमा

सिनेमात त्याला घेतलं ते शरीर बघूनच. जंगलातला योद्धा, राजा, गुलाम अशी कामं मिळायची. ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये तो इथिओपियाचा राजा होता.

खरं वळण आलं १९६० साली. स्टॅन्ले कुब्रिकच्या ‘स्पार्टाकस’मध्ये त्याने ड्राबा नावाचा ग्लॅडिएटर केला. रोमन श्रीमंतांच्या करमणुकीसाठी त्याला स्पार्टाकसशी जिवावरची लढाई करावी लागते. ड्राबा जिंकतो, त्रिशूळ स्पार्टाकसच्या गळ्याशी असतो. पण तो त्याला मारत नाही. उलट वळून वर बसलेल्या रोमनांवरच झेप घेतो आणि मारला जातो. पुढे गुलामांचं जे बंड पेटतं, त्याची ठिणगी इथं पडते.

वूडीचा रोल काही मिनिटांचाच, पण त्यासाठी त्याला गोल्डन ग्लोबचं नॉमिनेशन मिळालं.

जॉन फोर्डचा सार्जंट

त्याच वर्षी आला ‘सार्जंट रटलेज’. दिग्दर्शक होते वेस्टर्न सिनेमाचे बाप समजले जाणारे जॉन फोर्ड. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर घोडदळात कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या होत्या, त्यांना बफेलो सोल्जर्स म्हणायचे. अशाच एका सार्जंटवर गोऱ्या मुलीवर बलात्कार आणि खुनाचा खोटा आरोप होतो, अशी गोष्ट.

स्टुडिओला या रोलसाठी सिडनी पॉइटिएसारखं मोठं नाव हवं होतं. फोर्ड वूडीवर अडून बसले आणि त्यांनी त्यालाच घेतलं.

या सिनेमात वूडी एकटा घोड्यावरून पेकोस नदी ओलांडतो. आपण त्या दिवशी एकटे नदी पार करत नव्हतो, सगळ्या कृष्णवर्णीय समाजाला पाठीवर घेऊन चाललो होतो, असं तो नंतर सांगायचा. कारण त्याआधी पडद्यावर एखाद्या कृष्णवर्णीय माणसाला असं ताठ मानेने घोडा दौडवताना लोकांनी क्वचितच बघितलं होतं.

पण सिनेमा त्याच्या नावाच्या सार्जंटवर असूनही श्रेयनामावलीत त्याचं नाव पहिलं नव्हतं. सिनेमा फारसा चाललाही नाही.

दोन वर्षांनी फोर्ड यांनीच त्याला ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये घेतलं. इथं तो जॉन वेनचा नोकर पॉम्पी. सार्जंटवरून पुन्हा नोकर! पण त्यातला एक सीन विसरता येत नाही. शाळेच्या वर्गात पॉम्पी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा सांगायला उभा राहतो आणि नेमकं सगळी माणसं समान आहेत हे वाक्यच विसरतो. त्यावर शिक्षक झालेला जेम्स स्टुअर्ट त्याला समजावतो की हा भाग बरेच लोक विसरतात.

‘द प्रोफेशनल्स’ (१९६६) मध्येही तेच. मोहिमेवर निघालेले चौघं हिरो, त्यातला धनुष्यबाणवाला वूडी. पण मोठ्या अक्षरात नावं आली ती बर्ट लँकेस्टर, ली मार्व्हिन आणि रॉबर्ट रायन यांची.

टोपीतलं पाणी

१९६८ साली इटलीच्या सर्जिओ लिओनेने ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ बनवला. सुरुवातीला तीन गुंड एका ओसाड स्टेशनवर ट्रेनची वाट बघत असतात. त्यातला एक वूडी. वरून त्याच्या डोक्यावर पाणी टपकतं. तो जागचा हलत नाही, शांतपणे टोपी घालतो. थेंब टोपीवर साचत राहतात आणि ट्रेन येते तेव्हा तो टोपी काढून ते पाणी पिऊन टाकतो.

डायलॉग शून्य. थोड्या वेळात चार्ल्स ब्रॉन्सनच्या गोळीने तो मरतो. पण सिनेमाचे शौकीन आजही या सीनवर तासभर बोलू शकतात. त्यानंतर वूडीने इटलीत बरंच काम केलं. तिथं त्याला पैसेही चांगले मिळाले आणि मानही.

मित्रासाठी जमिनीवर झोपला

१९७३ मध्ये जॉन फोर्ड कॅन्सरने अंथरुणाला खिळले. तेव्हा वूडी त्यांच्या घरी राहून सेवा करत होता. चार महिने तो त्यांच्या खोलीत जमिनीवर झोपला. ३१ ऑगस्टला फोर्ड गेले तेव्हाही तो तिथंच होता. ज्या दिग्दर्शकाने त्याला सार्जंट केलं, त्याचं हे ऋण होतं.

वूडी स्वतः गेला ३१ डिसेंबर १९९४ ला, फुप्फुसाच्या कॅन्सरने. वय होतं ८०. त्याचा शेवटचा सिनेमा ‘द क्विक अँड द डेड’ पुढच्या वर्षी आला, तोही वेस्टर्नच. त्यात तो शवपेट्या बनवणारा म्हातारा आहे.

आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘टॉय स्टोरी’ रिलीज झाला. ज्याचं नाव पोस्टरवर कायम खाली राहिलं, त्याच्या नावाचा काउबॉय या वेळी सिनेमाचा हिरो होता. ते बघायला वूडी स्ट्रोड राहिला नव्हता.