एका डोळ्याने टिपलेले पक्षी

भिगवणच्या पाणथळीवर रोहित टिपायला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या हौशी छायाचित्रकारांच्या हाती आज लांब पल्ल्याच्या लेन्स असतात. एक छायाचित्र बिघडले, तर पुढच्याच क्षणी आणखी दहा काढता येतात. प्रत्येक छायाचित्रासाठी काचेची स्वतंत्र पट्टी लागे, त्या काळात याच हौसेवर पोट भरण्याचे धाडस लंडनच्या एरिक हॉस्किंग यांनी केले. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली.

२ ऑक्टोबर १९०९ रोजी जन्मलेल्या हॉस्किंग यांनी बालपणीच साधा बॉक्स कॅमेरा हाताळला होता. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मोटारींच्या व्यवसायात नोकरी लागली, पण मन रमले नाही आणि मंदीच्या तोंडावर ती नोकरीही गेली. १९२९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील अजस्र एलिफंट सीलचे छायाचित्र त्यांनी काढले. प्राण्याचा आकार वाचकाला उमगावा म्हणून शेजारी एका चिमुरड्या मुलीला उभे केले होते. ते वृत्तपत्रात छापून आले आणि छंदाचा व्यवसाय झाला. केवळ पक्ष्यांवर घर चालणे त्या काळी अवघडच होते.

त्यांच्या कामाची पद्धत आजच्या नवशिक्यांनी समजून घ्यावी अशी आहे. फिल्म मंद, लेन्स तोकडी. त्यामुळे पक्षी हमखास परत येईल अशी जागा, म्हणजे घरटे, गाठावे लागे. कापडाचे लपण प्रथम दूर उभारायचे, पक्षी सरावला की रोज थोडे थोडे पुढे सरकवायचे. शेवटी छायाचित्रकाराने सोबत्यासह आत शिरायचे आणि सोबत्याने एकट्यानेच परत जायचे. बहुतेक पक्ष्यांना ही मोजदाद जमत नाही. लपण रिकामे झाले असे समजून ते निर्धास्त होतात. त्यानंतर उरते ती तासन् तास निश्चल बैठक. घरटे उंचावर असेल तर लाकडी मनोराच बांधावा लागे.

मे १९३७ मध्ये वेल्समधील डोल्डोलॉड येथे असाच मनोरा टॉनी आउल जातीच्या घुबडाच्या घरट्यासमोर उभा होता. पिले असलेली ही घुबडे अतिशय आक्रमक होतात. रात्रीच्या काळोखात हॉस्किंग लपणाकडे चढत असताना घुबडाने झडप घातली. घुबडाच्या पिसांच्या कडा मऊ झालरीसारख्या असतात, त्यामुळे पंखांचा आवाज होत नाही. सावध होण्यास अवधीच मिळाला नाही. नख थेट डाव्या डोळ्यात रुतले. त्यांना लंडनला नेत्ररुग्णालयात आणण्यात आले. पेनिसिलिन अद्याप उपचारात आले नव्हते. जंतुसंसर्गामुळे उजवा डोळाही जाण्याचा धोका होता. डावा डोळा काढून टाकायचा, की संपूर्ण अंधत्वाची जोखीम घ्यायची, असा प्रश्न सत्तावीस वर्षांच्या या तरुणापुढे होता. त्यांनी डोळा काढण्यास संमती दिली.

कॅमेऱ्याला एकच डोळा लागतो, असे म्हणणे सोपे आहे. पण खोलीचा अंदाज गमावलेल्या माणसाने पुन्हा रात्री शिडी चढणे निराळे. हॉस्किंग चढले, आणि तेही घुबडांसाठीच. लखलखाट करणारे दिवे वापरून रात्रीचे पक्षी टिपण्याचे तंत्र त्यांनी विकसित केले. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश पक्ष्यांसाठी वापरणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना झाली. तोंडात उंदरासारखा प्राणी धरून पंख उभारलेल्या गव्हाणी घुबडाचे १९४८ चे छायाचित्र त्यांची ओळखच ठरले. १९४५ मध्ये सिरिल न्यूबेरी यांच्यासह त्यांनी निशाचर पक्ष्यांवर स्वतंत्र पुस्तकही काढले. १९३९ मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नी डोरोथी यांची साथ त्यांना या साऱ्या उद्योगात मिळाली. ब्रिटिश सेनाप्रमुख अ‍ॅलनब्रुक यांच्याशी जुळलेली मैत्रीही पक्ष्यांमुळेच.

गाय माउंटफोर्ट यांच्या मोहिमांसोबत ते स्पेन, जॉर्डन आणि १९६० च्या दशकात तत्कालीन पाकिस्तानात गेले. सुंदरबनाचा पूर्वेकडील भाग तेव्हा त्या देशात होता. १९७० मध्ये आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी 'अ‍ॅन आय फॉर अ बर्ड' हे नाव दिले. गमावलेल्या डोळ्यावर एवढी हसरी कोटी करायला मन खंबीरच हवे.

मात्र त्यांची घरट्याजवळ जाण्याची रीत आज अनुकरणीय मानता येणार नाही. लेन्स लांब झाल्या, तसे घरट्याजवळ जाण्याचे कारणही उरले नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानुसार दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्याशी परवान्याविना व्यत्यय आणणे गुन्हा आहे. आपल्याकडचे जाणते पक्षिनिरीक्षकही विणीच्या हंगामात दूर राहण्याचा सल्ला देतात.

२२ फेब्रुवारी १९९१ रोजी हॉस्किंग यांचे निधन झाले. त्यांचा छायाचित्रसंग्रह पुढे मुलगा डेव्हिड यांनी सांभाळला. तेही वन्यजीव छायाचित्रकारच झाले.