कवळेच्या शांतादुर्गा मंदिरावर घुमट का? कोचऱ्याच्या नारोराम मंत्र्यांची गोष्ट

फोंड्याजवळच्या कवळे येथील शांतादुर्गा ही सिंधुदुर्गातील अनेक कुटुंबांची कुलदेवता. पोर्तुगीजांच्या छळामुळे या देवीला मूळ गाव सोडावे लागले. मग तिच्याच गाभाऱ्यावर चर्चची आठवण करून देणारा घुमट कसा? याचे उत्तर मंदिर उभारणाऱ्या माणसाच्या आयुष्यात सापडते.

कोण होते नारोराम?
नारोराम रेगे हे मूळचे वेंगुर्ले तालुक्यातील कोचरे गावचे. किनाऱ्यावरच्या या गावातून ते साताऱ्याला छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारी पोहोचले आणि मंत्री झाले. मंत्री हे अष्टप्रधानांपैकी एक पद. पुढे हे पदच त्यांची ओळख बनले.

देवी कवळ्यात कशी आली?
देवीचे मूळ मंदिर साष्टीतील केळशीला होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. भक्तांनी देवीला तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीबाहेर, कवळ्याला आणले. तिला साजेसे मोठे मंदिर मिळायला मात्र दीडशेहून अधिक वर्षे लागली.

मंत्र्यांनी काय केले?
नारोरामांनी शाहू महाराजांकडून मंदिरासाठी द्रव्य मिळवले. १७३० मध्ये काम सुरू झाले, १७३८ मध्ये पूर्ण झाले. नुसती इमारत उभारून देवस्थान चालत नाही. पूजाअर्चा आणि उत्सवांना कायमचे उत्पन्न लागते. १७३९ मध्ये कवळे गाव देवस्थानाला इनाम मिळाले, तेही त्यांच्याच प्रयत्नांनी.

घुमट कुठून आला?
त्या काळी या भागात घुमटाचे दोन मोठे नमुने होते. एक विजापूरचा, तिथला गोलघुमट १६५६ मधला. दुसरा जुने गोवे येथील चर्चचा; सतराव्या शतकातील सेंट कॅजेटन चर्च रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेले आहे. गोव्याच्या मंदिरांवर या दोन्हींची छाप पडली, असे वास्तुअभ्यासक मानतात.

रचना कशी असते?
गाभारा चौकोनी, घुमट गोल. त्यांना जोडायला मध्ये अष्टकोनी बांधकाम येते. त्यातल्या खिडक्यांमुळे उंची हलकी वाटते. घुमट भिंतींना बाहेर रेटतो, म्हणून खालच्या भिंती जाड ठेवाव्या लागतात.

अर्थ बदलतो का?
मंदिराचे शिखर म्हणजे मेरू पर्वत. चर्च आणि मशिदीचा घुमट म्हणजे आकाश, स्वर्ग. कवळ्याला घुमटाच्या टोकावर क्रूस किंवा चंद्रकोर नाही, कळस आहे. आणि बरोबर खाली गाभाऱ्यात देवी आहे. त्यामुळे आकार ओळखीचा असला, तरी त्याचा अर्थ मंदिराचाच राहतो.

शिव आणि विष्णू यांचे भांडण मिटवून शांत करणारी ती शांतादुर्गा, अशी श्रद्धा आहे. परमुलखातल्या कारागिरीलाही तिच्या घरी जागा मिळाली, यात तिच्या भक्तांना काही वावगे वाटले नाही. पुढच्या वेळी कवळ्याला गेलात, तर आत शिरण्यापूर्वी अंगणात थांबून जरा वर पाहा.